जठराच्या कर्करोगातून होणारा रक्तस्राव आणि पाच सिटिंगचं रेडिएशन

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६८ वर्षांचे. जठराच्या खालच्या भागात, अँट्रममध्ये कर्करोगाची गाठ; यकृतात पसरलेली, त्यामुळे ऑपरेशन नाही. कॅपेसिटाबिन-ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोची दोन सायकल झाली. दीड महिन्यात चार पिशव्या रक्त चढवलं. दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या झोताने जागा जाळली, तर आठ दिवसांत शी पुन्हा डांबरासारखी काळी आणि हिमोग्लोबिन ६.४. एक डॉक्टर पाच सिटिंग सांगतात, दुसरे दहा. नातेवाईक म्हणतात, आता शेक, म्हणजे रेडिएशन, दिला तर माणूस पार खचेल. सहा वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला असल्याने अ‍ॅस्पिरिन चालू आहे.

माझं उत्तर: नाडी आणि रक्तदाब स्थिर असतील तर रेडिएशन जरूर द्या. पाच सिटिंग पुरतात. पाच की दहा या वादात आठवडा गेला तर त्या आठवड्यात आणखी एक पिशवी जाईल, आणि अशा अवस्थेतल्या रुग्णासाठी तो आठवडा मोठा असतो. अ‍ॅस्पिरिनबद्दल हृदयरोगतज्ज्ञांना मात्र आजच फोन करा, उद्या नको.

आधी हे रक्त येतं कुठून ते पाहू, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. अल्सरमधून रक्त येतं तेव्हा बहुधा एक फुटलेली धमनी सापडते. तिला क्लिप लावली, इंजेक्शन दिलं की काम होतं. गाठीचं तसं नाही. गाठीचा पृष्ठभाग सडून त्यावर व्रण झालेला असतो आणि त्या सगळ्या भागातून कच्च्या, ठिसूळ केशवाहिन्या झिरपत असतात. क्लिप लावायला एक जागाच नसते. आर्गॉनने वरचा थर जळतो, खपली धरते, पण काही दिवसांत खपली पडते आणि खाली गाठच उघडी असते. रक्त थांबवणाऱ्या पावडरीचंही तेच. म्हणून दुर्बिणीचे उपाय त्या दिवसापुरते चांगले चालतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तुमच्याकडे जे झालं ते नेहमीचंच आहे, कुणाची चूक नाही.

रेडिएशन वरून जाळत नाही. किरणं गाठीच्या पूर्ण जाडीत पोचतात. पहिल्या काही दिवसांत बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, त्यावर प्लेटलेट चिकटतात आणि त्या वाहिन्या गुठळीने बंद होऊ लागतात. नंतरच्या आठवड्यांत गाठीच्या पेशी मरतात, व्रण आक्रसतो, तंतुमय ऊती तयार होते. पहिला परिणाम छोट्या डोसनेही होतो. आपल्याला इथे गाठ नष्ट करायची नाही, ती झिरपायची थांबवायची आहे, आणि कमी डोस चालतो तो याचमुळे.

कुणाला रेडिएशन आधी द्यायचं नाही

संथ, सतत झिरपणाऱ्या रक्तासाठी हा उपाय आहे. धो धो रक्तासाठी नाही. ताज्या लाल रक्ताच्या उलट्या, सिस्टोलिक रक्तदाब ९० च्या खाली, नाडी ११०-१२० च्या वर, हातपाय गार, असं चित्र असेल तर त्या रुग्णाला रेडिएशनच्या टेबलावर झोपवू नये. आधी सलाइन आणि रक्त, मग दुर्बीण, आणि तिने जमलं नाही तर मांडीतून किंवा मनगटातून कॅथेटर घालून जठराची धमनी बंद करणं, म्हणजे एम्बोलायझेशन. रेडिएशनचा परिणाम दिवसांत मोजायचा असतो. इथे हातात मिनिटं असतात. रुग्ण स्थिर झाला की मात्र त्याच भरतीत रेडिएशन उरकून घ्यावं. घरी पाठवून ‘पुन्हा झालं तर बघू’ म्हणणं ही मी पाहतो ती सगळ्यात महागात पडणारी चूक.

दुसरं, रक्त खरंच गाठीतूनच येतंय ना? बहुतेकदा तसंच असतं, पण यकृत आधीपासून खराब असेल किंवा गाठीने प्लीहेची शीर दाबली असेल तर जठरात फुगलेल्या शिरा असू शकतात. त्यांना रेडिएशनचा काही उपयोग नाही. शेवटच्या दुर्बिणीचा अहवाल काढा आणि त्यात ‘गाठीतून रक्त झिरपताना दिसलं’ असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा.

पोट अचानक कडक होऊन प्रचंड दुखत असेल तर छिद्र पडल्याची शंका घ्यायची आणि आधी सीटी स्कॅन करायचा. जठराचा दरवाजाच बंद झाला असेल, खाल्लेलं सगळं उलटून पडत असेल, तर त्यासाठी जठराच्या तोंडाशी स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीदार नळी) किंवा जठराच्या बायपास ऑपरेशनचा विचार वेगळा करावा लागतो. रेडिएशनने वाट लगेच मोकळी होत नाही. तुमच्या वडिलांची गाठ अँट्रममध्ये आहे, त्यामुळे हा प्रश्न डॉक्टरांना मुद्दाम विचारा. आणि रुग्ण अंथरुणाला पूर्ण खिळलेला असेल, दिवसच मोजायचे उरले असतील, तर अ‍ॅम्ब्युलन्समधून रोज ने-आण करण्यापेक्षा घरी आराम देणं जास्त माणुसकीचं. रेडिएशनचा गुण दिसायला एक-दोन आठवडे हाताशी हवेत.

पाच, दहा की एक

प्रचलित पद्धती चार. एकच सिटिंग ८ ग्रेचं (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक). पाच सिटिंगमध्ये २० ग्रे, रोज ४. दहा सिटिंगमध्ये ३० ग्रे, रोज ३. आणि बारा सिटिंगमध्ये ३६ ग्रे. रोजचा डोस मोठा असला की त्याचा परिणामही मोठा, म्हणून नुसते आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. त्यासाठी जैविक परिणामी डोस काढतात: वरच्या चार पद्धतींचा तो अनुक्रमे १४.४, २८, ३९ आणि ४६.८ ग्रे येतो.

कागदावर फरक मोठा दिसतो. रक्त थांबण्यात तो तसा दिसत नाही. २०१७ साली सिंगापूरच्या डॉक्टरांनी तोवरचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून विश्लेषण केलं. रक्तस्रावाला प्रतिसाद सुमारे ७४ टक्के रुग्णांत मिळाला होता, आणि जैविक डोस ३९ च्या वर की खाली याने रक्त थांबण्याच्या प्रमाणात ठळक फरक पडला नव्हता. त्यातले बहुतेक अभ्यास मागे वळून जुन्या फायली पाहणारे होते, हे ध्यानात ठेवा. जपानमध्ये नंतर अनेक केंद्रांनी मिळून रुग्ण आधी नोंदवून, कडक निकष लावून पाहिलं: हिमोग्लोबिन ८ किंवा जास्त, सलग सात दिवस रक्त न चढवता, आणि दुसरा कुठलाही रक्त थांबवणारा उपाय न करता. तेव्हा साधारण निम्म्या रुग्णांत यश दिसलं. मोजपट्टी कडक केली आणि मधल्या काळात दगावलेल्यांनाही हिशेबात धरलं की आकडा असाच खाली येतो. म्हणून घरच्यांना सांगताना ‘दोनांत एक ते चारांत तीन’ एवढंच सांगणं प्रामाणिक. ‘शंभर टक्के थांबेल’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मग निवड कशी करायची? रुग्ण खूप अशक्त, दूरच्या गावचा, काही आठवड्यांचंच आयुष्य दिसतंय: ८ ग्रेचं एक सिटिंग. सकाळी स्कॅन, दुपारी प्लॅन, संध्याकाळी उपचार, असं एका दिवसात उरकता येतं, आणि पुन्हा रक्त आलं तर ते परत देण्याची जागाही राहते. फिरता-बसता रुग्ण, केमो अजून पुढे द्यायची आहे: पाच सिटिंग. दहा सिटिंग मी राखून ठेवतो ते गाठ मोठी, दुखणंही जास्त, प्रकृती चांगली आणि पुढे वर्षभराचं आयुष्य धरता येईल अशांसाठी. हर-टू पॉझिटिव्ह (गाठीच्या पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेले) किंवा इम्युनोथेरपीला चांगला प्रतिसाद देणारे रुग्ण त्यात येतात. अशा रुग्णांत एका वेळचा डोस लहान ठेवलेला बरा, कारण ते उशिराचे दुष्परिणाम दिसण्याइतके जगू शकतात. तुमच्या वडिलांना दहा सांगणारे डॉक्टर चुकीचे नाहीत. पण दोन आठवडे रोज येणं आणि केमोत पडणारी मोठी खोट यांच्या बदल्यात रक्त थांबण्याची जास्तीची खात्री फारशी मिळत नाही.

पाच सिटिंग शक्यतो सोमवारी सुरू करून शुक्रवारी संपवावीत. मधे शनिवार-रविवार पडला तर आभाळ कोसळत नाही, पण सोमवारच मिळावा म्हणून बुधवारपासून वाट पाहत बसणं तर मुळीच शहाणपणाचं नाही. रक्त जात असेल तर बुधवारी सुरू करा.

सुरू करण्याआधीची तयारी

रक्त चढवण्याचा उंबरठा ७, हृदयविकार असेल तर ८. वडिलांना स्टेंट आहे, म्हणून त्यांच्यासाठी ८ धरा. एक पिशवी साधारण १ ग्रॅमने हिमोग्लोबिन वाढवते. आपल्याकडे पिशव्या ३५० आणि ४५० मिलीलीटरच्या असतात, त्यामुळे ३५० ची असेल तर थोडी कमी वाढ होते. एक पिशवी, मग तपासणी, मग दुसरी. वयस्क हृदयरुग्णाला एका दमात तीन पिशव्या ओतल्या की फुप्फुसात पाणी होतं आणि मग तो टेबलावर आडवाच होऊ शकत नाही. काही ठिकाणी ‘हिमोग्लोबिन १० झाल्याशिवाय रेडिएशन नाही’ असा दंडक ऐकायला मिळतो. बरं करण्याच्या उद्देशाने दिलेल्या काही उपचारांतून तो आलाय. इथे त्याला अर्थ नाही. भोक पडलेल्या माठात पाणी भरत बसण्यासारखं आहे ते.

प्लेटलेट ५०,००० च्या वर हव्यात. काविळीत किंवा बरेच दिवस खाणं बंद असलं की आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) वाढतो. व्हिटॅमिन के द्यावं लागतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) बघायचं, स्कॅनच्या वेळी शिरेतून देण्याच्या औषधासाठी आणि पुढे मूत्रपिंड वाचवण्यासाठीही. दोन्ही मूत्रपिंडं काम करतात का, हा प्रश्न प्लॅनिंगआधी विचारायचा असतो. डावं मूत्रपिंड जठराच्या मागेच असतं, आणि नेमकं तेच एकटं चालू असेल तर किरणांची दिशा बदलावी लागते.

औषधांची पिशवी टेबलावर ओता. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन हे सगळं बंद. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, ट्रॅमाडॉल, गरज असेल तर मॉर्फिन. गुडघेदुखीच्या ‘साध्या’ गोळीची चौकशी हमखास राहून जाते, कारण ती मेडिकलमधून परस्पर आणलेली असते. स्टेंट सहा वर्षांचा जुना असेल तर अ‍ॅस्पिरिन काही काळ थांबवणं बहुधा परवडतं, पण तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनी घ्यायचा. स्टेंट नवा असता तर गोष्ट वेगळी. पायात गुठळी झाल्यामुळे रक्त पातळ करणारं औषध चालू असलेले रुग्ण सगळ्यात अवघड. अ‍ॅपिक्सॅबॅन, रिव्हरॉक्सॅबॅनसारख्या गोळ्या पोटातल्या गाठीतून रक्तस्राव वाढवतात, हे माहीत असून त्या बंद करताना छातीत ठोके पडतात. तिथे सरसकट नियम नाही.

केमो: कॅपेसिटाबिन किरणांचा परिणाम वाढवतं, चांगलाही आणि वाईटही. मोठ्या रोजच्या डोससोबत ते नको. सुरू करण्याआधी थांबवावं आणि संपल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी, तपासण्या बघून, पुन्हा सुरू करावं. रामुसिरुमॅब (गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणारं इंजेक्शन) चालू असेल तर तेही थांबवायचं. ते स्वतःच रक्तस्राव वाढवतं.

आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल ४० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा द्यावं, पण त्याने गाठीचं रक्त थांबेल अशी आशा नको. ते आम्लापासून आणि किरणांनी येणाऱ्या जळजळीपासून संरक्षण आहे. ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडची, म्हणजे रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधाची, गोष्ट थोडी निराळी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या हॉल्ट-इट या १२,००० वर रुग्णांच्या चाचणीत पोटातल्या तीव्र रक्तस्रावात त्याने मृत्यू कमी झाले नाहीत आणि शिरांतल्या गुठळ्या मात्र वाढल्या. ती चाचणी मुख्यतः अल्सर, फुगलेल्या शिरा अशा रुग्णांची होती, कर्करोगाच्या संथ झिरपण्याची नव्हे. म्हणून रेडिएशनचा गुण येईपर्यंत काही दिवस ५०० मिलीग्रॅम ते १ ग्रॅम तीनदा तोंडाने द्यायला माझा विरोध नाही; मात्र पायात गुठळी, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा मूत्रपिंडं मंद असतील तर नको, निदान पूर्ण डोसमध्ये नको. स्टेंटवाल्या वडिलांसाठी हेही हृदयरोगतज्ज्ञांच्याच यादीत टाका.

लोहाची गोळी बंद करा. ती शी काळी करते आणि मग रक्त थांबलंय की नाही ते कुणालाच कळत नाही. द्यायचंच तर शिरेतून फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज ५०० ते १००० मिलीग्रॅम. बीट, डाळिंब, गूळ-शेंगदाणे हे अन्न म्हणून उत्तम, पण हिशेब बघा: एका पिशवीतून साधारण २०० मिलीग्रॅम लोह मिळतं आणि १०० ग्रॅम बिटात जेमतेम एक मिलीग्रॅम. आजोबांच्या मागे बिटाचा रस घेऊन धावू नका.

प्लॅनिंग स्कॅन: इथेच बहुतेक घोटाळे होतात

जठर ही पिशवी आहे. रिकामी असताना एक आकार, चहा-बिस्किटं खाल्ल्यावर दुसरा, फोडणीचा भात जेवल्यावर तिसरा. स्कॅन ज्या अवस्थेत केला त्याच अवस्थेत रोज उपचार झाला पाहिजे. म्हणून तीन ते चार तास उपाशी, शक्यतो सकाळची पहिली वेळ. थोडं पाणी चालतं. मधुमेह असेल तर सकाळची गोळी किंवा इन्सुलिन काय करायचं ते आदल्या दिवशी ठरवा, नाहीतर वेटिंग हॉलमध्ये साखर उतरते. ‘कपभर चहाने काय होतंय’ म्हणून पाजला असेल तर निदान टेक्नॉलॉजिस्टला सांगा. लपवू नका.

अँट्रमच्या गाठीत उपाशी राहूनही जठर रिकामं होत नाही, हे आणखी एक. पुढची वाट अरुंद असल्याने कालचं जेवण आजही आत असतं. स्कॅनवर जठर फुगलेलं दिसलं तर राइल्स ट्यूबने (नाकातून जठरात घातलेल्या नळीने) रिकामं करून पुन्हा स्कॅन घ्यावा; नाहीतर प्लॅन एका आकारावर आणि उपचार दुसऱ्यावर. शिवाय भरलेल्या पोटाने आडवं झोपवल्यावर उलटी झाली तर ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

रुग्ण पाठीवर, हात डोक्याच्या वर टेकूवर ठेवून झोपतो. हात फार वेळ वर राहत नसतील तर छातीवर ठेवून समोरून-मागून किरणं देता येतात. हट्ट करू नये. ३ मिलिमीटरच्या कापांचा सीटी, क्रिएटिनिन ठीक असेल तर शिरेतून रंगद्रव्य. गाठ नेमकी कुठे आहे ते सीटीवर अनेकदा नीट दिसत नाही, कारण आक्रसलेली जठराची भिंत आणि गाठ सारखीच दिसते. दुर्बिणीच्या अहवालात ‘जठरात वाढ’ एवढंच लिहिलेलं असेल तर काही उपयोग नाही. वरची कड कुठे, खालची कड कुठे, लहान वक्राकडे की मोठ्या, हे हवं. दुर्बीण करताना दोन्ही कडांना धातूची क्लिप लावून ठेवली तर सीटीवर ती चमकते आणि प्लॅनिंग निम्मं सोपं होतं. क्लिपा काही दिवसांत गळून पडतात, म्हणून स्कॅन लगेच करावा.

श्वासाबरोबर जठर वर-खाली १ ते २ सेंटिमीटर हलतं. म्हणून गाठीभोवती सगळीकडून दीड-दोन सेंटिमीटरची जागा सोडतात. चार मिती सीटी (श्वासाबरोबरची हालचालही टिपणारा) असेल तर ती जागा मोजून ठरवता येते. बऱ्याच रुग्णांत समोरून-मागून अशी दोन क्षेत्रं, साधारण १२ ते १५ सेंटिमीटरची, पुरतात. मूत्रपिंड किंवा यकृताचा मोठा भाग येत असेल तर तीन-चार दिशा. आयएमआरटी, व्हीमॅट या गाठीच्या आकारात घट्ट बसणाऱ्या किरणांच्या आधुनिक पद्धतींची इथे सहसा गरज नाही. उलट फार घट्ट प्लॅन केला आणि जठर दोन सेंटिमीटर सरकलं तर गाठच डोसबाहेर राहते. ‘महागडं मशीन म्हणजे चांगला उपचार’ हे इथे लागू नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी कोबाल्ट मशीन (किरणं देणारं जुन्या, साध्या पद्धतीचं यंत्र) असेल, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आराखड्याचं भाभाट्रॉन असेल, तर त्यावर हा उपचार व्यवस्थित होतो. हे रुग्ण बहुधा इतके रोडावलेले असतात की किरणं खोलवर पोचायला अडचण येत नाही. फक्त तिथे रोजचा कोन बीम सीटी (उपचाराच्या टेबलावरच जागा तपासणारा स्कॅन) मिळत नाही, म्हणून जागा थोडी जास्त सोडायची. गावापासून २० किलोमीटरवर कोबाल्ट असताना पाच दिवसांसाठी मुंबई-पुण्याला खोली घेऊन राहण्यात रुग्णाचंच नुकसान असतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार घेणार असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. पूर्वपरवानगीचं काम स्कॅनबरोबरच सुरू झालं पाहिजे, प्लॅन तयार झाल्यावर नव्हे. बायोप्सी अहवाल, दुर्बिणीचा अहवाल, सीटीची सीडी, रक्त चढवल्याच्या नोंदी, हे एका फायलीत ठेवा.

त्या पाच दिवसांत

टेबलावर दहा-पंधरा मिनिटं, प्रत्यक्ष किरणं मिनिट-दोन मिनिटं. काहीच जाणवत नाही, गरमही लागत नाही. ‘शेक’ हा शब्द फसवा आहे. घरी आल्यावर नातवंडं मांडीवर बसली तरी चालतात, अंगातून किरणं बाहेर पडत नाहीत.

त्रास मुख्यतः मळमळ आणि उलटीचा. वरच्या पोटाच्या रेडिएशनमध्ये तो ठरलेला, म्हणून वाट न पाहता आधीच औषध द्यायचं: ऑन्डॅनसेट्रॉन ८ मिलीग्रॅम, सिटिंगच्या तासभर आधी, आणि त्या रात्री आणखी एक. गोळी टिकत नसेल तर जिभेवर विरघळणारी. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड बहुतेक ठिकाणी जोडीने देतात; रक्त जाणाऱ्या जठरात मी ते एखाद-दुसऱ्या डोसपुरतं, पँटोप्राझोलच्या आडोशाने देतो, पाच दिवस सलग नाही. ८ ग्रेच्या एका सिटिंगनंतर पहिल्या रात्री उलट्या जोरात येऊ शकतात, त्यामुळे त्या रुग्णाला औषध दिल्याशिवाय घरी सोडू नये.

ऑन्डॅनसेट्रॉनने बद्धकोष्ठ होतो. मॉर्फिननेही. मग आतलं जुनं काळं रक्त चार-पाच दिवस आतच राहतं आणि पाचव्या दिवशी काळी शी झाली की घरात रडारड, ‘रेडिएशनचा उपयोग झाला नाही’. लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध पहिल्या दिवसापासून द्या.

थकवा येतो, जेवणाची इच्छा जाते, पोट दोन-तीन दिवस जास्त दुखू शकतं. थोडं थोडं, मऊ, कोमट: मऊ भात, मुगाचं वरण, शिरा, अंड्याचं बलक-पांढरं चालत असेल तर तेही. तिखटाने गाठीतून रक्त येत नाही, पण जळजळ वाढते. छिद्र पडणं क्वचित होतं, आणि तेही बहुधा भिंतीच्या पूर्ण जाडीत गाठ असलेल्यांत. अचानक असह्य दुखलं तर घरी पेनकिलर देत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. माणूस ‘खचतो’ तो या पाच सिटिंगने फारसा नाही. तो खचलेला असतो सहाच्या हिमोग्लोबिनने.

गुण आला की नाही हे कसं ठरवायचं

पिशव्या मोजा. रेडिएशनआधीच्या चार आठवड्यांत किती लागल्या आणि नंतरच्या चार आठवड्यांत किती, एवढी साधी तुलना बाकी सगळ्यापेक्षा खरी. हिमोग्लोबिन आठवड्यातून एकदा, त्याच लॅबमध्ये. रक्त चढवल्याच्या दुसऱ्या दिवशीचं हिमोग्लोबिन बघून खूश होऊ नका; तो पिशवीचा आकडा आहे, रेडिएशनचा नाही. शेवटची पिशवी दिल्यानंतर सात दिवसांनीही ८ च्या वर टिकलं असेल तर गुण आला म्हणा.

काहींत दोन-तीन दिवसांत शीचा रंग बदलतो, बहुतेकांत आठवड्या-दोन आठवड्यांत. तिसऱ्या सिटिंगला काळी शी झाली म्हणून उपचार सोडणं चूक, आणि चौथ्या आठवड्यातही तेच चाललंय तरी वाट पाहत बसणं हीही चूकच. बघण्यासाठी म्हणून दुर्बीण पुन्हा घालायची गरज नाही. बायोप्सी तर नकोच, नवी जखम कशाला?

पुन्हा रक्त येऊ शकतं, काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी. पहिल्यांदा गुण आला होता आणि मधे बरा काळ गेला होता, तर त्याच जागेला पुन्हा ८ ग्रेचं एक सिटिंग किंवा छोटा कोर्स देता येतो. त्यासाठी पहिल्या उपचाराचा डोस आणि प्लॅनची प्रत तुमच्याकडे असू द्या, दुसऱ्या रुग्णालयात जावं लागलं तर तीच मागतील. पहिल्या वेळी काहीच गुण आला नव्हता, तर दुसऱ्यांदा तेच करण्यापेक्षा एम्बोलायझेशनचा विचार करावा, किंवा रुग्णाची अवस्था बघून थांबावं.

थांबायचं कधी, हे आत्ता, वडील बोलू शकतात तेव्हाच ठरवा. मोठा रक्तस्राव घरी झाला तर रुग्णालयात न्यायचं की नाही, आयसीयू हवं की नको, हे त्यांना विचारा. बहुतेक रुग्ण विचारल्यावर स्वच्छ सांगतात, घरचेच विचारायला कचरतात. घरीच ठेवायचं ठरलं तर पॅलिएटिव्ह केअरच्या (त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरांकडून मिडॅझोलम या भीती कमी करून गुंगी आणणाऱ्या औषधाची व्यवस्था आधी करून घ्या, त्वचेखाली देण्याचं इंजेक्शन, साधारण ५ मिलीग्रॅम, आणि ते कोण देणार हेही. गडद रंगाचे, मरून किंवा निळे, चार-पाच टॉवेल पलंगाजवळ ठेवा. पांढऱ्या चादरीवर पसरलेलं रक्त रुग्णाला आणि घरच्यांना फार घाबरवतं. तसं झालं तर त्यांना डाव्या कुशीवर वळवा, टॉवेल लावा, कुणीतरी हात धरून जवळ बसा आणि फोन दुसऱ्याने करा. डॉक्टरांचा, परिचारिकेचा आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवा, मोबाइलमध्ये नको. त्या वेळी कुणाचा हात स्थिर नसतो.